द्रॉनकाठची पाणचक्की घ्यावी की ब्रांतोममधले दगडी घर?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील दोर्दोन्य जिल्ह्यात, म्हणजे जुन्या पेरिगोर प्रांतात, आठवडाभर घर भाड्याने घेऊन राहायचे ठरवले, की दोन प्रकारची घरे वारंवार समोर येतात. एक म्हणजे नदीकाठी एकटी उभी असलेली, डागडुजी करून राहण्याजोगी केलेली जुनी पाणचक्की, आणि दुसरे म्हणजे गावाच्या मध्यवस्तीतले दगडी घर. द्रॉन नदीच्या खोऱ्यात आम्ही दोन्हींचा अनुभव घेतला आहे. चक्कीत जूनमध्ये राहिलो आणि ब्रांतोम गावातल्या घरात पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये. माझे मत आधीच सांगतो: दहा वर्षांखालील मूल किंवा गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील तर गावातले घर घ्यावे, आणि नसतील तर चक्की घ्यावी.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना इथली रचना वेगळी वाटेल. तिथे पाणी दुरून जमिनीखालच्या नळांतून आणलेले आहे; इथे नदीवर बंधारा, तिथून पाणी वळवून आणणारा पाट आणि पाटावर पाणी अडवणारे दार असते. मात्र छायाचित्रांत दिसते तसे भलेमोठे उभे चाक मिळेलच असे धरून चालू नये. दक्षिण फ्रान्समधील बऱ्याच चक्क्यांचे चाक आडवे, जमिनीखालच्या कमानीत बसवलेले असे, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. चाकासाठीच जायचे असेल तर मालकांना आधी विचारावे. आमच्या चक्कीत स्वयंपाकघराचा उंबरठा जात्याच्या जुन्या तळीचा होता. तिच्यावरच्या टाकीच्या खाचा मधोमध पार गुळगुळीत झाल्या होत्या आणि कडेला मात्र बोटाला अजून खरखरीत लागत होत्या. सकाळी अनवाणी पायाने त्या दगडावर उभे राहून चहा घेणे हे सुख गावातल्या घराला देता येणार नाही.

पाण्याचा आवाज दिवसरात्र असतो. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही आणि तिसऱ्या रात्रीपासून त्याच आवाजाने गाढ लागली; ज्यांची झोप सावध आहे त्यांनी सांडव्यापासून दूरची खोली मागून घ्यावी. ओल मात्र अंगवळणी पडत नाही. मिठाच्या डबीतून मीठ सुटेना, सकाळी कुरकुरीत आणलेला पाव दुपारपर्यंत मऊ पडे आणि धुतलेले कपडे वाळायला दोन दिवस लागत. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी याचा गांभीर्याने विचार करावा. शिवाय फ्रान्समध्ये खिडक्यांना लाकडी झडपा असतात, जाळ्या सहसा नसतात, तेव्हा डासांचा बंदोबस्त आपणच करावा लागतो.

मुलांच्या बाबतीत मी जरा जास्तच आग्रही आहे. फ्रान्समध्ये ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी पोहण्याच्या तलावांना कुंपण, आच्छादन किंवा धोक्याची घंटा अशी एखादी सुरक्षा व्यवस्था बंधनकारक केली आणि ती भाड्याच्या घरांनाही लागू आहे; पण हा कायदा तलावांपुरता आहे, नदीला किंवा चक्कीच्या पाटाला तो लागू होत नाही. पाटाचे काठ सरळ उभे, शेवाळलेले असतात आणि दारापाशी पाण्याला ओढ असते, त्यामुळे पडलेल्या मुलाला धरायला काहीच सापडत नाही. काठाला कठडा आहे का, तो कुठून कुठपर्यंत आहे, हे छायाचित्र मागवून पाहिल्याशिवाय अनामत भरू नये.

गावातल्या घराचे बलस्थान म्हणजे पायी फिरता येणे. ब्रांतोमला द्रॉनने दोन्ही बाजूंनी कवेत घेतले आहे, त्यामुळे पाणी तिथेही आहेच. सकाळी पाव आणायला चालत जाता येते आणि शुक्रवारी बाजार दारातच भरतो. चक्की दरीत असल्याने आम्हाला पावासाठीही गाडी काढावी लागे आणि फोनला रेंज जेमतेमच मिळे. पॅरिसहून वेगवान रेल्वेने आंगुलेमला उतरून पुढचे सुमारे ६० किलोमीटर गाडीनेच जाणे सोयीचे पडते. चक्कीसाठी तर गाडी हवीच, म्हणून निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवावा. गावातल्या घराच्या उणिवाही आहेत: चर्चच्या घंटा, गाडी लावायला जागा नसणे, अरुंद गोल जिना, आणि उन्हाळ्यात माळ्यावरच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत साठून राहणारी उष्णता.

चक्कीसाठी जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला योग्य वाटतो. ऑगस्टमध्ये नदी आटली तर पाट साचतो आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले तो आवाजच थांबतो. हिवाळ्यात पुराची शक्यता असते. ‘जिओरिस्क’ या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून त्या जागेचा पूरधोका पाहता येतो आणि ‘व्हिजिक्र्यू’वर पुराचे इशारे मिळतात.

खर्चाचे स्वरूप दोन्हीकडे सारखेच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घरे बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात, आणि पर्यटक कर, अनामत, शेवटची सफाई, चादरी-टॉवेल यांचे पैसे अनेकदा जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा वेगळे असतात. आरक्षणाचा कागद शेंगेन व्हिसासाठी निवासाचा पुरावा म्हणून लागतो, तेव्हा त्यावर सर्व प्रवाशांची नावे घालून घ्यावीत. शेगडी कोणती आहे हेही विचारावे. दोन्ही घरांत इंडक्शन निघाली आणि आम्ही पुण्याहून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर दोन्ही वेळा बॅगेतच राहिला. चक्कीत आठवडाभर वरणभात जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात शिजवला.