कमिशन की रोजचा पास? गाडी ॲपला लावण्याआधी

परमिटची गाडी दारात उभी आहे, बॅज खिशात आहे आणि आता ती ओला-उबरसारख्या कुठल्या ॲपला लावायची एवढंच ठरायचंय, अशांसाठी हे लिहितोय. जॉइनिंग बोनस, इन्सेंटिव्हचे टप्पे वगैरे तुम्हाला कुणीही सांगेल, त्यात शिरत नाही. मी स्वतःच्या गाडीवर ठाणे-मुंबई पट्ट्यात दोन्ही प्रकार चालवलेत. प्रत्येक भाड्यावर कमिशन कापणारं ॲप एक, आणि दिवसाचा पास घेऊन भाडं पूर्ण आपल्याकडे ठेवू देणारं दुसरं.

आधी कमिशनवाल्याची बाजू, कारण चालकांसाठीचे नियम मुख्यतः त्याच्याच भोवती लिहिलेत. ॲग्रिगेटर म्हणजे पॅसेंजर आणि चालक जोडून देणारी ॲप कंपनी; केंद्राच्या २०२० च्या ॲग्रिगेटर मार्गदर्शक सूचनांपासून ८० टक्क्यांचा आकडा चालत आलाय: स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के मिळाले पाहिजेत. महाराष्ट्राच्या मे २०२५ च्या धोरणातही तो आहे. वर सर्ज, म्हणजे गर्दीच्या वेळी वाढवलेलं भाडं, मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच आणि सवलत २५ टक्क्यांपर्यंतच, अशी वेसणही घातलीय. जुलै २०२५ मध्ये केंद्राने आपल्या सूचना नव्याने काढल्या. त्यात सर्ज दुपटीपर्यंत नेला, पण चालकासाठी ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा कंपनीने काढायचा, हेही कायम ठेवलं. वाचायला बरं वाटतं.

पण ८० टक्के कशाचे? माझं घोडं इथेच अडलं.

मुलुंडहून पवईला एक मॅडम होत्या. उतरताना म्हणाल्या, "दादा, हे बिल ऑफिसात द्यायचंय, गाडीचा नंबर बरोबर आलाय का बघा ना." नंबर बरोबर होता. खाली आकडा होता ४२०. माझ्या स्क्रीनवर त्याच ट्रिपचे २८७. त्यातला ५ टक्के जीएसटी बाजूला काढला तरी ४०० उरतात, आणि ४०० चे ८० टक्के ३२०. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की भाडं मार्ग आणि मागणीनुसार बदलू शकतं, सहकार्याबद्दल आभार. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आभार.

तेहतीस रुपयांसाठी कोणी ॲप सोडत नाही. मला खुपलं ते वेगळंच. त्या मॅडमनी बिल दाखवलं नसतं तर मला काही कळलंच नसतं. बाकीच्या ट्रिपांना ७० टक्के मिळतात की ८५, देव जाणे. टक्का कायद्याने ठरवून दिला, पण तो ज्या रकमेवर मोजायचा ती पॅसेंजरच्या फोनमध्ये. तक्रार करायची तर पुरावा म्हणून प्रत्येकाचा मोबाईल मागत फिरायचं का? इतरांचा अनुभव याहून चांगला असू शकतो. मी आपला माझा सांगतोय.

पासवाल्यात हा प्रश्नच निकालात निघतो. बंगळुरूत नम्मा यात्रीने ही वाट रिक्षावाल्यांना दाखवली, मग रॅपिडोने कॅबसाठी तीच पद्धत आणली, उबरने फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षा तशा केल्या आणि जूनमध्ये ओलानेही देशभर शून्य कमिशन जाहीर केलं. पॅसेंजरने दिलेले पैसे थेट आपल्या यूपीआयवर. संध्याकाळी हिशेब करायला बसलं की कंपनीच्या स्टेटमेंटची वाट बघावी लागत नाही, बँकेचा मेसेज पुरतो.

दुखणी इथेही आहेत. धंदा मंदा असला तरी पासचे पैसे गेलेच. पैसे न देताच उतरून जाणारा भेटला तर कंपनी हात वर करते, तिच्या लेखी ती फक्त सॉफ्टवेअर देते. "ॲपवर तर कमी दाखवत होतं" म्हणणारेही भेटतात. आणि ऑफिसच्या खात्यावर फिरणारी, पहाटे विमानतळ गाठणारी मंडळी अजून जास्त करून कमिशनवाल्यावरच सापडतात, निदान आमच्या भागात तरी.

एक गोष्ट मात्र मलाही टोचते, आणि चालकांच्या कट्ट्यावर ती फारशी निघत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲग्रिगेटरने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के आपल्यासारख्या ॲपवरच्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे आहेत, पण कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. कर्नाटकच्या २०२५ च्या, ॲपवरच्या कामगारांसाठीच्या कायद्यातलं कंपनीने भरायचं कल्याण शुल्कही चालकाला मिळणाऱ्या रकमेवरच बेतलेलं आहे. आता पासवाली कंपनी म्हणू शकते, आम्ही चालकाला देतो काय? उलट तोच आम्हाला देतो. मग टक्का काढायचा कशावर? राजस्थानच्या २०२३ च्या कायद्याने शुल्क व्यवहाराच्या मूल्याशी जोडलंय. तिथे ही पळवाट काढणं जरा अवघड जाईल. चालकाचा ॲपवरचा आयडी बंद करताना लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस ही कर्नाटकातली तरतूदही आपल्याकडे यायला हवी. आयडी काय, दोन्ही प्रकारच्या ॲपवर रात्रीत ब्लॉक होतो.

तर दिवसातले तीन-चार तास, नोकरी सांभाळून गाडी काढणार असाल, तर कमिशनवालं कदाचित सोयीचं. गाडी उभी असेल तेव्हा खिशातून काही जात नाही. पूर्ण पाळी मारणार असाल आणि डोक्यावर गाडीचा हप्ता असेल, तर मी पासकडे झुकतो. सुरुवातीला पास एकेका दिवसाचाच घ्या, आठवड्याचा स्वस्त दिसला तरी. सणाच्या आणि पावसाच्या दिवसांत फरक लगेच कळतो.

माझ्या फोनवर दोन्ही आहेत. कमिशनवालं पहाटेच्या विमानतळापुरतं उघडतो. संहितेच्या मसुदा नियमांत सामाजिक सुरक्षेच्या लाभासाठी वर्षात एकाच ॲपवर ९० दिवस किंवा अनेकांवर मिळून १२० दिवस काम हवं असं म्हटलंय, म्हणून दोन्हीकडच्या ट्रिपांची यादी महिन्याला उतरवून ठेवतो. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवरची कामगार म्हणून नोंदणी मात्र ॲप कुठलंही घेतलंत तरी आधी करून टाका.