उंदरांच्या बंदोबस्ताचा वार्षिक करार: कंपनीचे काम कुठे संपते आणि सोसायटीचे कुठे सुरू होते

मुंबईच्या उपनगरातील आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी उंदीर-घुशींच्या बंदोबस्तासाठी एका खासगी पेस्ट कंट्रोल कंपनीशी वार्षिक करार केला. दोन विंग, तळमजल्यावरचे दुकानांचे गाळे आणि मागची मोकळी जागा मिळून 24,000 रुपये, जीएसटी वेगळा. त्या बदल्यात महिन्यातून दोन फेऱ्या आणि तक्रार आल्यास जादा फेरी. कंपनीचे नाव मी देणार नाही, कारण तोंडी आश्वासने आणि लेखी अटी यांतील जी तफावत मी पुढे सांगणार आहे ती तिच्यापुरतीच असेल असे मला वाटत नाही.

आधी जमेची बाजू. करारापूर्वीची पाहणी हा या सेवेचा सर्वांत उत्तम भाग ठरला. आलेल्या तंत्रज्ञाने टॉर्चच्या उजेडात डक्टमधील, म्हणजे इमारतीचे पाइप वरून खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीतील, पाइपालगतचा एक काळपट, तेलकट पट्टा दाखवला. एकाच वाटेने रोज ये-जा करणाऱ्या उंदरांचे अंग घासून तो पडतो. पंपरूममागच्या मातीत घुशींची बिळे होती, आणि बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग पाहून कोणते बीळ वापरात आहे हे त्याने ओळखले. घूस जमिनीखालून पोखरते, तर काळा उंदीर पाइप आणि केबलवरून वर चढतो; त्यामुळे दोघांसाठी उपाय वेगळे लागतात, हेही त्याने न विचारता समजावले. जिन्याखाली दिसलेली चिचुंद्री मुख्यतः किड्यांवर जगते, तिच्यासाठी औषध वाया घालवू नका, असे सांगण्याचा प्रामाणिकपणाही त्याच्यापाशी होता. कीटकनाशके व्यावसायिकरीत्या वापरण्यासाठी कृषी खात्याचा परवाना लागतो. तो मागताच दाखवण्यात आला.

औषध म्हणून कुलूपबंद पेट्यांमध्ये ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाचे केक ठेवले गेले. नवी वस्तू दिसली की उंदीर काही दिवस तिच्याकडे फिरकत नाहीत, म्हणून पहिल्या आठवड्यात केक न खाल्लेले राहिले तर तो कंपनीचा दोष मानू नये. हे औषध रक्त गोठू देत नाही आणि जीव जायला काही दिवस लागतात. ‘आमचे औषध खाल्लेला उंदीर पाण्यासाठी बाहेर जाऊन मरतो, घरात वास येत नाही’ हे विक्री प्रतिनिधीचे वाक्य मात्र साफ चुकीचे आहे. उंदीर कुठेही मरतो, आणि आमच्याकडे एक पहिल्या मजल्यावरच्या फॉल्स सीलिंगमध्ये मेला. शिवाय विषबाधित उंदीर खाणाऱ्या मांजरांना आणि घुबडांनाही हे विष बाधते, याचा उल्लेख माहितीपत्रकात कुठेही नव्हता.

खरा मुद्दा पुढचा आहे. पाहणी अहवालात एकूण कामे बरीच होती, पण त्यांतील औषध ठेवणे एवढेच कंपनीचे होते. फुटकी चेंबरची झाकणे बदलणे, ड्रेनेज पाइपांच्या तोंडांना जाळी बसवणे, एसीच्या पाइपांसाठी पाडलेली भोके सिमेंट आणि तारेच्या जाळीने बुजवणे, कचऱ्याचे डबे झाकलेले ठेवणे, ही सगळी कामे ‘ग्राहकाची जबाबदारी’ या मथळ्याखाली शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होती. मला ही विभागणी अन्यायाची वाटत नाही. ती बारीक अक्षरांत होती, याला माझा आक्षेप आहे. लहान उंदीर पेन्सिलीएवढ्या फटीतून आत शिरतो आणि मादीला जेमतेम तीन आठवड्यांत पिल्ले होतात, त्यामुळे फटी तशाच ठेवून उंदीर मारत राहणे म्हणजे भोक पडलेली बादली भरत बसणे होय.

कंपाउंडच्या भिंतीबाहेरचे गटार महापालिकेचे, पण आतली ड्रेनेज लाइन, बाहेरच्या भिंती आणि कंपाउंडची भिंत यांची देखभाल आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीनुसार, सोसायटीने स्वखर्चाने करायची असते. महापालिकेचे मूषक संहारक रात्री गल्लोगल्ली फिरतात. आमच्या डक्टमधील भोके बुजवायला त्यांनी यावे, ही काही सभासदांची अपेक्षा निव्वळ भाबडी आहे. भाड्याच्या इमारतींत हीच जबाबदारी मालकाची ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे मालकाने वास्तू दुरुस्त ठेवली नाही, तर नोटीस देऊन भाडेकरू ती दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आमच्या शेजारच्या पागडीच्या, म्हणजे नाममात्र भाड्याच्या जुन्या, चाळीत त्या चौथाईत चेंबरचे एक झाकणही येणार नाही, आणि तिथल्या घुशी आमच्या भिंतीखालून येतात.

याला कमिटीतील कटकट समजून सोडून देता येत नाही. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने जुलै 2005 च्या महापुरानंतर या शहरात बळी घेतले आहेत. साचलेल्या पाण्यातून चालताना पायाच्या जखमेतून हे जंतू शरीरात शिरतात. आमच्या आवारात पावसाळ्यात घोटाभर पाणी साचते आणि त्यातून सफाई कामगार आणि वॉचमन दिवसभर चालतात.

वर्षअखेरीची स्थिती अशी: ज्या विंगच्या चेंबरांची झाकणे आणि जाळ्या आम्ही पावसाळ्यापूर्वी बसवल्या, तिथल्या तक्रारी जवळपास थांबल्या. दुसऱ्या विंगचा खर्च सर्वसाधारण सभेत अडकला आणि तिथे त्याच कंपनीचे तेच केक महिनोन्‌महिने खाल्ले जात राहिले. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या एका गाळेधारकाने मागच्या दाराशी उघड्यावर टाकलेला कचराही तिकडेच होता.

करार आम्ही नूतनीकृत करत आहोत. औषधकामासाठी कंपनी पाचपैकी चार गुणांची आहे, विक्री प्रतिनिधीच्या बोलण्यासाठी दोनच. या वेळी दोन अटी घातल्या आहेत: दर तिमाहीचा पाहणी अहवाल सूचना फलकावर लागेल, आणि ग्राहकाने करायची कामे कराराच्या पहिल्या पानावर, अंदाजे खर्चासह येतील. कंपनीने दोन्ही मान्य केल्या. गाळेधारकांची सही अजून बाकी आहे.