स्वस्त खोली की सुटणारी खोली?

हॉटेलचे पैसे आधी भरायचे, तर साइटवरचा 'नॉन-रिफंडेबल' दर घ्यायचा, 'फ्री कॅन्सलेशन'वाला थोडा महाग दर घ्यायचा, की सरळ हॉटेलला फोन करून थोडा अ‍ॅडव्हान्स पाठवायचा? तिन्ही करून झालंय, म्हणून लिहितोय.

ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूरला जायचं होतं. दोन खोल्या, दोन रात्री. एका खोलीचा एका रात्रीचा नॉन-रिफंडेबल दर 2,400, त्याच खोलीचा रद्द करता येणारा 2,800. म्हणजे सोळाशेची बचत, मी खूश. आणि निघायच्या आधी विश्वामित्री नदी आमच्या बडोद्यात शिरली. बडोदेकरांना ते दिवस सांगायला नकोत. रस्त्यावर पाणी, सोसायट्यांत मगरी. आमची गाडी रद्द झाली. रेल्वेनं ई-तिकिटाचे पैसे न मागता परत केले. हॉटेलचे 9,600 मात्र गेले.

गेले ते गेले, नियम मी वाचला होता. कोल्हापुरातलं हॉटेल तर उघडंच होतं. पूर तुमच्या गावात आला की हॉटेलच्या हिशेबी तो तुमचा घरगुती प्रश्न, न पोचलात की 'नो-शो'. मला खुपलं ते वेगळंच. हॉटेलला फोन केला तर म्हणाले, "आमची काही हरकत नाही, पण पैसे साइटकडे आहेत, त्यांना सांगा." साइटवाले म्हणाले, "आम्ही द्यायला तयार आहोत, पण हॉटेलनं होकार कळवायला हवा." दोघेही गोड बोलत होते. गुडघाभर पाण्यात, मोबाइलची बॅटरी जपत, मी तीन दिवस त्या दोघांमधला टपालवाला झालो. होकार कोणी कोणाला लेखी कळवला नाही. पैसे बुडाल्याचं दुःख महिन्याभरात ओसरलं, त्या फोनांचा वैताग अजून आहे.

फ्री कॅन्सलेशन यापेक्षा नक्कीच बरं, पण मुदत नीट बघावी. '24 तास आधी' म्हणजे बहुतेक वेळा चेक-इनच्या वेळेपासून मागे मोजलेले. तसं असेल आणि चेक-इन दुपारी 12 चं असेल तर आदल्या दुपारी 12 ला दार बंद. रात्री जेवून झाल्यावर विचार करू म्हणाल तर फसाल. रिफंड कार्डावर येणार की साइटच्याच वॉलेटमध्ये, हेही आधी पाहावं. वॉलेटमधले पैसे म्हणजे पुढच्या सहलीचं बळजबरीचं आमंत्रण.

हल्ली मी साइटवर हॉटेल बघतो, परीक्षणं वाचतो आणि मग हॉटेललाच फोन करतो. मागच्या हिवाळ्यात नाशिकला असंच 2,000 पाठवले, घरातलं आजारपण निघालं. मॅनेजर म्हणाले, "काका, पैसे परत नाही देता येणार, पण तारीख कळवा, धरून ठेवतो." व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलं. फेब्रुवारीत गेलो तेव्हा बिलातून 2,000 वजा झाले. समोर एकच माणूस होता आणि निर्णय त्याच्याच हातात होता, एवढंच मला हवं होतं.

याही मार्गात खड्डे आहेत. नेटवर सापडलेला नंबर हॉटेलचाच असेल असं नाही, तेव्हा यूपीआयवर नाव कोणाचं येतं ते बघितल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. दिवाळी-नाताळच्या गर्दीत मालक तारीख बदलून देतीलच याची हमी मी देणार नाही. दरही बहुतेक वेळा साइटपेक्षा स्वस्त नसतो.

सौ.चं अजूनही म्हणणं आहे की खोलीला रात्रीमागे चारशे वाचतात ते वाचतातच. उद्या निघायचं असेल, आपलीच गाडी असेल आणि आभाळ निरभ्र असेल, तर तिचंही खरं आहे.