पोळ्यापर्यंत मडकं उघडू नका म्हणणारा माणूस

आमच्या काकूकडून एका भोंदूने पीककर्जाचे पैसे आणि गळ्यातली पोत नेली. दारव्हा तालुक्यातली गोष्ट. कसं नेलं ते सविस्तर लिहितो, कारण ही माणसं गाव बदलतात, पद्धत बदलत नाहीत.

पहाटे येणारा पिंगळा किंवा नंदीबैलवाला पसाभर ज्वारी घेतो, चार बऱ्या गोष्टी बोलतो आणि पुढच्या दारी जातो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. हा मोटारसायकलवर आला होता. हात पाहायचे पैसे घेत नाही म्हणाला, तिथेच खरं तर सावध व्हायला हवं.

दारात उभ्याउभ्याच म्हणे, "माय, गोठ्यातली लक्ष्मी रुसली हाय. अन् पोरीचं जमलेलं मोडलं." काकू गारच पडली, कारण दोन्ही खरं होतं. नंतर विचारपूस केली तेव्हा कळलं, त्याच्याच जोडीदाराने आदल्या दिवशी स्टँडवरच्या पानठेल्यावर खर्रा खात बैठक मारली होती. कोणाची गाय आटली, कोणाची सोयरीक मोडली, कोणाला सोसायटीचं कर्ज मिळालं, हे पानठेल्यावर विचारावंही लागत नाही. नुसतं बसायचं.

मग "करणी" दाखवणं. काकूच्याच डब्यातली हळद तिच्या तळहाताला लावली आणि झोळीतल्या बाटलीतलं "गंगाजल" ओतलं. हात रक्तासारखा लाल! ती चुन्याची निवळी होती. खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी ओल्या हळदीवर टाका. घरोघरी असंच रक्त निघेल. पुढे तुळशीपाशी त्याने स्वतःच खणलं आणि टाचण्या टोचलेली बाहुली काढली. रात्री पाऊस झालेला, माती बोटांना चिकटत होती, बाहुलीचं कापड मात्र कोरडं. चुलतभावाच्या आठवीतल्या पोरीने हे तिथेच बोलून दाखवलं, तर मोठ्यांत तोंड घालू नको म्हणून तिलाच आत पिटाळलं. (घरात तुकडोजी महाराजांचा फोटो आहे, रोज हार असतो.)

बाधा सोन्यावर आणि पैशावर बसली म्हणून दोन्ही मडक्यात घातलं, तोंडाला लाल फडकं बांधलं. काकूला चुलीतली राख आणायला पाठवलं आणि तेवढ्यात मडकं बदललं. अट अशी, की पोळा फुटेपर्यंत उघडायचं नाही, घरातल्या पुरुषांनाही सांगायचं नाही. सांगितलं तर बाधा पोरावर जाईल. त्याला फक्त पसार व्हायला वेळ हवा होता. काकांनी खतासाठी पैसे मागितले तेव्हा मडकं उघडलं. आत गोटे आणि तांदूळ.

याहून वाईट पुढे आहे. करणी कोणी केली, तर "उगवतीकडचं घर, कुंकू नसलेली बाई," एवढंच तो बोलला होता. नाव काकूनेच पुरवलं. काकूच्या दोन्ही बाळंतपणांत तेलमालिश करणारी शेजारची म्हातारी! त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी बंद, पोरांना तिच्या अंगणात जायची बंदी. याला बायकांचं रुसणं-फुगणं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी खुर्दला २०२१ मध्ये असल्याच संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं होतं.

ठाण्यात आम्हाला आधी "पैसे तुम्हीच दिले ना?" हे ऐकावं लागलं. तेव्हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घ्या. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. अमकी बाई करणी करते, मंत्राने गुरांचं दूध आटवते, असं पसरवून तिचं जगणं कठीण करणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे. म्हणजे म्हातारीही तक्रार करू शकते, आणि ती आमच्या घरच्यांवरसुद्धा. हे मी काकूला सांगितलं, तेव्हा ती महिन्यात पहिल्यांदा घाबरली.

गाईला स्तनदाह झाला होता. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सडात ट्यूबा सोडल्या, इंजेक्शनं दिली, कास धुवायला सांगितली. आता दोन्ही वेळ दूध देते. काकूचं म्हणणं, "पैसे खाल्ले त्यानं, ते खरं. पन पूजा तं लागू पडली ना?"