लिनिअर अल्जेब्रा: एकट्याने शिकावं की विचारत विचारत?

लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे व्हेक्टर आणि मॅट्रिक्स यांचं गणित, आपलं आपण शिकायचं ठरवलं की पहिले काही दिवस कुठलं पुस्तक आणि कुठले व्हिडिओ यातच जातात. हे साहित्य आज फुकट आणि उत्तम दर्जाचं मिळतं, तेव्हा तिथे फार घोळ घालण्यात अर्थ नाही. ठरवायचं असतं ते वेगळंच: पुस्तक-वही घेऊन एकट्याने बसायचं, की आपलं काम ऑनलाइन कुणाला तरी दाखवत पुढे जायचं? दोन्हीकडचे लोक आपलाच मार्ग खरा असं ठासून सांगतात. माझ्या मते हे तुमच्या स्वभावापेक्षा तुम्ही विषयाच्या कुठल्या भागात आहात यावर जास्त अवलंबून असतं. या विषयाच्या मोठ्या भागात आपल्या उत्तराचा ताळा आपल्यालाच घेता येतो. उरलेल्या भागात तो अजिबात घेता येत नाही.

ताळा हातात असतो तेव्हा

समीकरणं सोडवली? किमती परत घालून पाहा. इन्व्हर्स काढला? मूळ मॅट्रिक्सशी गुणा, आयडेंटिटी आली पाहिजे. आयगेनव्हॅल्यू तर आणखी सोप्या. काही खास व्हेक्टर मॅट्रिक्समधून काढले की नुसते पटीत बदलतात; ते आयगेनव्हेक्टर, आणि ती पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू. पहिली ओळ (२, १) आणि दुसरी (१, २) अशी मॅट्रिक्स घ्या. उत्तर आलं ३ आणि १. कर्णावरच्या संख्यांची बेरीज ४, तुमच्या उत्तरांचीही ४. डिटर्मिनंट ३, उत्तरांचा गुणाकारही ३. आता (१, १) हा व्हेक्टर मॅट्रिक्समधून काढा: (३, ३) येतो, म्हणजे बरोबर तिप्पट. (१, −१) जसाच्या तसा परत येतो. हे बरोबर आहे का, असं कुणाला विचारायला जाण्याइतका वेळही इथे लागत नाही.

या भागासाठी एकट्याचा अभ्यास सरळ सरस आहे. गिल्बर्ट स्ट्रँग यांची एमआयटीमधली १८.०६ या क्रमांकाच्या कोर्सची व्याख्यानं १९९९ मध्ये चित्रित झाली. फळा, खडू आणि एक माणूस, एवढंच त्यात आहे, पण एलिमिनेशनपासून प्रोजेक्शनपर्यंत ती आजही विनासायास समजतात. ग्रँट सँडरसन यांच्या थ्री-ब्लू-वन-ब्राउन चॅनेलवरची २०१६ ची छोटी मालिका चित्र डोळ्यांसमोर उभं करते: मॅट्रिक्स म्हणजे सगळं प्रतल ताणणं, फिरवणं, चपटं करणं. फक्त ती पाहून झाल्यावर विषय आला असं वाटायला लागतं, आणि तिथेच सांभाळायचं. रँक दोन असलेली तीन-बाय-तीन मॅट्रिक्स समोर ठेवून तिची नल स्पेस (ती ज्यांना शून्य करते ते सगळे व्हेक्टर) काढता आली नाही, तर आलेलं असतं ते फक्त चित्र.

पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहीन: उत्तरं कितपत दिली आहेत. जिम हेफरन यांचं पुस्तक मोफत आहे आणि त्यातल्या सगळ्या उदाहरणांची सोडवलेली उत्तरंही मोफत आहेत. एकट्याने शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. शेल्डन ॲक्सलर यांच्या पुस्तकाची चौथी आवृत्तीही मोफत वाचता येते, पण त्याची वाट वेगळी आहे. तिथे डिटर्मिनंट अगदी शेवटी येतो आणि पहिल्या प्रकरणापासून सिद्धतांवर भर असतो. गणिताची पदवी करणाऱ्याला ते मानवेल. डेटा सायन्ससाठी लीस्ट स्क्वेअर्स (आकड्यांना सर्वांत जवळची रेषा बसवणं) आणि एसव्हीडी (मॅट्रिक्सचे सोपे तुकडे पाडण्याची रीत) लवकर हवं असेल, तर उगाच लांबून वळसा होईल.

कॉम्प्युटरवर ताळा घेतानाची एक गंमत. वरच्याच मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर नमपायला (पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी) विचारलेत तर (१, १) च्या जागी ०.७०७१, ०.७०७१ अशा संख्या दिसतात, कधी चिन्ह उलटं. आपलं चुकलं असं वाटून नवशिके सगळं गणित खोडतात. चुकलेलं काहीच नसतं. नमपाय व्हेक्टरची लांबी १ करून देतो, आणि आयगेनव्हेक्टरला शून्य सोडून कुठल्याही संख्येने गुणलं तरी तो आयगेनव्हेक्टरच राहतो. अशी शंका कुणीही अर्ध्या मिनिटात सोडवेल, पण व्याख्या पुन्हा वाचली तर तुमची तुम्हालाच सुटते.

ताळा नसतो तेव्हा

आता हे पाहा. सिद्ध करा: वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे आयगेनव्हेक्टर लिनिअरली इंडिपेंडंट असतात, म्हणजे त्यातला कुठलाही बाकीच्यांच्या पटींची बेरीज करून मिळत नाही. शिकणारा लिहितो: एक व्हेक्टर दुसऱ्याच्या पटीत असता तर दोघांची आयगेनव्हॅल्यू एकच झाली असती. ती वेगळी आहे, म्हणून कुठलाच दुसऱ्याच्या पटीत नाही, म्हणून सगळे इंडिपेंडंट. झालं.

दोन व्हेक्टरांपुरतं हे चोख आहे. तीन आले की कोसळतं. (१, ०), (०, १) आणि (१, १) घ्या. यातला कुठलाही दुसऱ्याच्या पटीत नाही, तरी तिसरा पहिल्या दोघांची बेरीज आहे. दोन-दोन करून तपासल्याने तिघांबद्दल काहीच ठरत नाही. यातली मेख अशी की प्रमेय खरं आहे. निष्कर्ष बरोबर, मधली वाट पोकळ. पुस्तकातली सिद्धता वाचूनही खटकत नाही, उलट आपली किती आटोपशीर झाली असं वाटतं. मागचं उत्तर, कॅल्क्युलेटर, नमपाय, कुणीही ‘थांब’ म्हणत नाही.

ही चूक दुसऱ्या माणसाच्या डोळ्यालाच दिसते, आणि त्याला ती दिसायला मिनिटभरही पुरतं. ऑनलाइन मदतीची किंमत मी इथे मोजतो. अडलेलं गणित सोडवून मिळणं हा तिचा दुय्यम फायदा. न अडता पुढे गेलेलं चुकीचं पाऊल कुणीतरी पकडणं हा मुख्य.

मदतीचे प्रकारही एकसारखे नाहीत. मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्सचेंजसारख्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तर नेमकं मिळतं, चूक असेल तर दुसरा कुणी ती दुरुस्त करतो, आणि जुन्या प्रश्नांत तुमची शंका आधीच सुटलेली असण्याची शक्यता मोठी. पण नुसतं गणित उतरवून ‘सोडवा’ म्हटलं तर तिथे थारा नाही, स्वतः काय केलं ते दाखवावं लागतं. मला ती अट जाचक वाटत नाही, रास्त वाटते. गप्पांच्या ग्रुपवर उत्तर चटकन येतं, पण सांगणाऱ्याची तयारी किती हे कळत नाही आणि तासाभरात ते इतर मेसेजांखाली गाडलं जातं. पैसे देऊन शिकवणारा घेतलात तर त्याच्याकडून धडे ऐकू नका. धडे फुकट आहेत. तुमच्या सिद्धता त्याला तपासायला द्या.

एआय चॅटबॉट समजावून सांगायला चांगला, पण परीक्षक म्हणून मी त्याच्यावर विसंबणार नाही. वर दाखवलेल्यासारखी पोकळ सिद्धता तो स्वतःच तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देऊ शकतो, आणि ‘माझी सिद्धता बरोबर आहे ना?’ असं विचारलं तर होकाराकडे झुकतो. त्याच्याकडून उलटी उदाहरणं मागा: या विधानातली एक अट काढली तर ते कुठे मोडतं? त्याने दिलेल्या उदाहरणाचा ताळा तुम्हाला स्वतः घेता येतो. म्हणजे काम पुन्हा पहिल्या, सुरक्षित भागात आलं.

विचारायचंच तर

आपण कुठली व्याख्या वापरतो आहोत ते आधी लिहा. हे औपचारिक वाटतं, पण या विषयात पुस्तकागणिक रीत बदलते. कॉम्प्लेक्स संख्यांवरचा इनर प्रॉडक्ट गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत पहिल्या जागी लिनिअर असतो, भौतिकशास्त्रात दुसऱ्या. बेसिस बदलणारी मॅट्रिक्स एका लेखकाकडे जी असते तिचा इन्व्हर्स दुसऱ्याकडे त्याच नावाने फिरतो. व्याख्या न सांगता विचारलंत तर संपूर्ण बरोबर उत्तर येईल आणि तुमच्या वहीशी जुळणार नाही. मग आणखी दोन दिवस त्या गोंधळात.

कधी विचारायचं? आकडेमोडीत अडलात तर विचारूच नका, ताळा घ्या आणि ओळ न ओळ मागे जा. व्याख्याच डोक्यात बसत नसेल, उदाहरणार्थ कोशंट स्पेस, तर आधी दुसऱ्या लेखकाचं तेवढं प्रकरण वाचा. बहुतेक वेळा काम तिथेच होतं. सिद्धता मात्र अडण्याची वाट न पाहता दाखवायची. आधी पूर्ण लिहायची आणि मग विचारायचं: यात भोक कुठे आहे?

मशीन लर्निंगपुरता विषय हवा असेल, तर स्ट्रँग, नमपाय आणि भरपूर गणितं एवढ्यावर एकट्याने निभावतं. मदतीच्या शोधात वेळ घालवू नका. सिद्धता विचारल्या जाणारी परीक्षा द्यायची असेल किंवा पुढे गणितच करायचं असेल, तर पहिल्या महिन्यातच वाचणारा माणूस शोधा, मग तो परका का असेना. तिसरा वर्ग दोन प्रकरणांनंतर अभ्यास सोडून देणाऱ्यांचा. त्यांना तज्ज्ञ लागत नाही, त्याच पुस्तकात त्याच पानावर असलेला एखादा जोडीदार पुरतो.

तरीही ठरत नसेल तर एक चाचणी करा. मॅट्रिक्सच्या नल स्पेसमध्ये फक्त शून्य व्हेक्टर असतो तेव्हा, आणि तेव्हाच, तिचे स्तंभ लिनिअरली इंडिपेंडंट असतात. याची दोन्ही बाजूंची सिद्धता लिहा आणि दोन दिवस वही मिटून ठेवा. मग प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या व्याख्येवरून आली ते लिहा. सगळ्या ओळींपुढे काहीतरी नेमकं लिहिता आलं तर सध्या एकट्याने चालू द्या. ‘हे तर उघडच आहे’ असं एकाही ओळीपुढे लिहावं लागलं, तर ती ओळ कुणाला तरी दाखवा.