मानवी सीडी४ साठी कोणता क्लोन घ्यावा: एसके३, आरपीए-टी४ की ओकेटी४?

कॅटलॉगमध्ये 'मानवी सीडी४' शोधलं की पानंच्या पानं अँटिबॉड्या समोर येतात. नवीन विद्यार्थी आधी किंमत बघतो, मग अँटिबॉडीला जोडलेला चमकणारा रंग. मी सांगेन, आधी क्लोनचं, म्हणजे ती अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या कुळाचं, नाव वाचा. सीडी४ हे प्रथिन म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर उभी असलेली चार मजली इमारत समजा: डी४ आवरणाला लागून, डी१ सगळ्यात वर. अँटिबॉडी कुठल्या मजल्यावर बसते, त्यावर तुमचा प्रयोग चालेल की फसेल हे ठरतं.

एसके३ आणि आरपीए-टी४ दोन्ही डी१ वर बसतात, दोन्ही उंदराच्या, आयजीजी१ या प्रकारच्या अँटिबॉड्या. रक्तातल्या सीडी४ टी-पेशी मोजायच्या असतील तर या दोघांत निवड करताना डोकं शिणवू नका. तुमच्या मशीनच्या (फ्लो सायटोमीटरच्या) लेझरला आणि पॅनलमधल्या, म्हणजे सोबत वापरायच्या, बाकीच्या अँटिबॉड्यांना जुळणाऱ्या रंगात जो मिळेल तो घ्या. मोनोसाइट्स या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरही थोडा सीडी४ असतो, म्हणून सोबत टी-पेशींची खूण असलेला सीडी३ हवाच.

ओकेटी४ डी३ वर बसतो आणि आयजीजी२बी आहे. त्याची एक अडचण फार मोठी आहे. काही लोकांमध्ये, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या आणि जपानी लोकांत, जनुकातल्या एका बदलामुळे त्याची बसायची जागाच बदललेली असते. पेशी धडधाकट, सीडी४ जागेवर, पण ओकेटी४ काहीच दाखवत नाही. हा बदल एकाच पालकाकडून आलेला असेल तर चमक साधारण निम्म्यावर येते. वेगवेगळ्या लोकांचे नमुने मोजताना एकट्या ओकेटी४वर मी कधीच विसंबणार नाही.

तरीही फ्रिजमध्ये त्याची एक व्हायल असावी, असं मला मनापासून वाटतं. एचआयव्हीचं जीपी१२० प्रथिन येऊन बसतं ते डी१ वरच. आमच्याकडे एका मुलीने पेशी जीपी१२० सोबत ठेवल्या आणि आरपीए-टी४ने रंगवल्या, तर चमकेचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, सरळ डावीकडे, कमी चमकेकडे सरकला. सीडी४ पेशीच्या आत ओढला गेला असं धरून ती संध्याकाळपर्यंत कागदावर आराखडे काढत बसली. दुसऱ्या दिवशी त्याच ट्यूबमध्ये दुसऱ्या रंगातला ओकेटी४ही घातला. त्याचं शिखर जागचं हललं नव्हतं. रिसेप्टर, म्हणजे सीडी४, तिथेच होता, फक्त वरचा मजला अडलेला होता. दोन्ही खाली आले असते तर रिसेप्टर खरंच कमी झाला असं म्हणता आलं असतं. हे दोन क्लोन एकमेकांच्या आड येत नाहीत, म्हणूनच ही जोडी जमते. एसके३ आणि आरपीए-टी४ एकत्र घालून असलं काही कळणार नाही.

रंगाचं थोडक्यात. टी-पेशीवर सीडी४ भरपूर असतो, त्याला एफआयटीसी हा कमी तेजाचा रंग पुरतो. पीई या दुसऱ्या रंगाची तेजस्वी चमक विरळ रिसेप्टरसाठी राखून ठेवा. पीईची गुलाबी व्हायल चार अंशांवर, फॉइलमध्ये गुंडाळून. फ्रीझरमध्ये चुकूनही नाही.

माहितीपत्रकावर एका टेस्टसाठी पाच मायक्रोलिटर लिहिलेले असतील, तरी आपल्या पेशींवर पाच, अडीच, सव्वा असं उतरत जाऊन टायट्रेशन करा. बऱ्याचदा निम्म्यात काम भागतं, मागची नको असलेली चमकही उतरते आणि व्हायल दुप्पट दिवस चालते.