घोस्ट ट्रिक: हिरो पहिल्या सीनलाच मेलेला असतो

डिटेक्टिव्ह गेम म्हटलं की डोळ्यासमोर जे येतं ते घोस्ट ट्रिक या व्हिडिओ गेममध्ये जवळपास नाहीच, हे आधी सांगून टाकते. खोलीभर क्लिक करत पुरावे शोधा, मग त्याच चार संशयितांना तेच प्रश्न फिरून फिरून विचारा, असला प्रकार नाही. इथे डेडबॉडी आपलीच आहे. रात्रीची वेळ, भंगाराचं यार्ड, लाल सूटमधला एक माणूस पालथा पडलाय, आणि एक बंदूकवाला लाल केसांच्या एका पोरीवर नेम धरून उभा. आपण म्हणजे सिसेल, भूत होऊन हे सगळं बघतोय, आपण कोण, कोणी मारलं, का मारलं काही म्हणजे काही आठवत नाहीये. त्यात एक टेबललॅम्प (हो, टेबललॅम्पच, त्यातही एक आत्मा आहे) येऊन सांगतो की पहाट झाली की तूही गायब. म्हणजे जे काय शोधायचंय ते याच एका रात्रीत.

पूर्ण नाव घोस्ट ट्रिक: फँटम डिटेक्टिव्ह. कॅपकॉमचा गेम आहे, डायरेक्टर शू ताकुमी, म्हणजे कोर्टातल्या भांडणांची ती एस अटर्नी सिरीज ज्याने सुरू केली तोच माणूस. मूळ गेम निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या जुन्या कन्सोलवर 2010 ला जपानमध्ये आणि 2011 ला अमेरिकेत आला, आणि 2023 च्या जूनमध्ये रीमास्टर, म्हणजे तोच गेम नव्याने चकाचक करून निघाला, निन्टेंडोचा स्विच, पीएस4, एक्सबॉक्स वन हे कन्सोल आणि पीसीवर. मी स्विचवर हातात धरून खेळले, आणि माझं मत विचाराल तर हा हातात धरून, दिवे मालवून, अंथरुणातच खेळायचा गेम आहे.

आता खेळायचं कसं. आपल्याला शरीर नाही त्यामुळे चालता येत नाही, आपण वस्तूंमध्ये शिरतो. बटण दाबलं की काळ थांबतो, सगळं चित्र लालसर होतं आणि कुठल्या वस्तूत शिरता येईल तिथे निळे ठिपके चमकतात. जवळच्या वस्तूत उडी मारायची, तिथून पुढच्या, पण पोहोच अगदीच थोडी असते, मधे अंतर पडलं की अडकलात. मग काळ परत चालू करून त्या वस्तूकडून तिला जमेल तेवढीच हालचाल करवून घ्यायची, कुठे फाटक वर करायचं, कुठे दिवा लावायचा, कुठे काहीतरी घरंगळवायचं. लांब जायचं तर फोनच्या लाईनीतून, म्हणजे कोणीतरी फोन उचलून बोलत असेल तेव्हाच. आणि खरी गंमत म्हणजे समोर कोणाचं प्रेत असेल तर त्यात शिरून त्याच्या मृत्यूच्या 4 मिनिटं आधी जाता येतं. आधी तो माणूस कसा मेला ते नीट बघायचं, मग त्याच 4 मिनिटांत मरण टाळायचं.

यार्डातलं पहिलंच कोडं घ्या. ती पोरगी, लिन तिचं नाव, जीव घेऊन पळतेय, मागे तो बंदूकवाला. पहिल्यांदा बघताना आजूबाजूला नुसतं भंगार दिसतं. दुसऱ्यांदा बघताना कळतं की ही वस्तू हलली तर ती मोकळी होईल, ती मोकळी झाली की पुढच्या वस्तूपर्यंत पोहोचता येईल, आणि वर तो भलामोठा लोखंडी गोळा लटकतोय तो काही उगाच लटकत नाहीये. शेवटी तो नेमका कोणाच्या डोक्यावर येतो ते सांगत नाही, पण मी एकटीच बसून मोठ्याने हसले.

इथेच हा गेम बाकीच्यांपेक्षा वेगळा ठरतो असं मला वाटतं. बऱ्याच पझल गेममध्ये गोष्ट एकीकडे चालू असते आणि मधेच कोणीतरी उगाच येऊन म्हणतं, चला आता हे कोडं सोडवा. इथे कोडं म्हणजेच तो सीन, वेगळं काही नाहीच. कोण कुठे उभं होतं, फोन कोणाचा आला, दिवा का गेला, हे सगळं जीव वाचवायला लागतं म्हणून आपण डोळे फाडून बघतो आणि नकळत गोष्टीतले धागेही डोक्यात बसतात. शेवटी सगळी गाठ सुटते तेव्हा फसवलं असं अजिबात वाटत नाही, सगळं आपल्या समोरच ठेवलेलं होतं. याहून जास्त बोलत नाही, आणि तुम्हीही खेळून होईपर्यंत यूट्यूबवर याचं नाव टाकू नका, थंबनेलमध्येच वाट लागेल.

अ‍ॅनिमेशनबद्दल मात्र बोलणारच. मूळ डीएसच्या त्या इवल्या स्क्रीनसाठी आधी थ्रीडी मॉडेल हलवून मग त्याची सपाट चित्रं केली होती, त्यामुळे माणसं कसली लवचिक हलतात! इन्स्पेक्टर कॅबानेला पांढरा कोट घालून जिना उतरतो तो उतरत नाही, नाचतो. तुरुंगातला एक गार्ड आहे, त्याची घाबरगुंडी उडाली की तो चक्क एक डान्स करतो, फक्त तेवढं बघायला मी मुद्दाम वस्तू हलवत बसले होते. आणि मिसाइल! पॉमेरेनियन कुत्रा, ताकुमीच्या स्वतःच्या कुत्र्याचं नाव आणि जात दोन्ही तीच. एवढा निष्ठावान, एवढा उत्साही, आणि एवढा बिनडोक वाटणारा पण नसलेला कुत्रा गेममध्ये मी दुसरा बघितला नाही. पुढे त्याला कोड्यांमध्येही काम मिळतं, तिथून मजा दुप्पट होते.

तक्रारी आहेत. प्रत्येक कोड्याला उत्तर एकच. तुम्हाला यापेक्षा भारी काही सुचलं तरी गेम ऐकणार नाही, त्याच्या मनातलं आहे तेच करायला हवं. काही ठिकाणी वेळ अगदी नेमकी साधावी लागते, समोरून जाणारी वस्तू क्षणभरच आवाक्यात येते, ती हुकली की परत मागे जाऊन तेच सगळं बघा. मधे एक संकट टळलं की तिथून सुरू करता येतं म्हणून ठीक, नाहीतर मी कन्सोल फेकला असता. वाचायला प्रचंड आहे, कॅरेक्टरना आवाज नाहीत, आणि आपल्याला कळेल असं म्हणजे इंग्रजीच, तेव्हा लहान पोरांना देताना शेजारी बसावं लागेल, शिवाय विनोदी असला तरी खून बरेच आहेत. एकूण 18 चॅप्टर, दहा-बारा तासांत संपतो. रहस्य एकदा कळलं की दुसऱ्यांदा तो धक्का बसत नाही, फक्त आधी कुठे कुठे सूचना पेरल्या होत्या ते बघायला खेळायचा.

रीमास्टरमध्ये गोष्ट आणि कोडी तीच, चित्र एकदम स्वच्छ आणि गुळगुळीत, गाणी नव्याने केलेली. जुनं संगीत लावायची सोय ठेवलीये, मी तेच लावलं, यार्डातल्या त्या ट्यूनला जुनाच खडबडीत आवाज शोभतो. शिवाय सरकत्या चौकोनांची कोडी दिलीयेत, ती मी एकदोन करून सोडून दिली. डीएसवर ज्यांनी पूर्ण केलाय त्यांनी परत पैसे घालायची गरज नाही.

घ्यायचा कुठे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रॉब्लेम. भारतात निन्टेंडोचं अधिकृत ई-शॉप, म्हणजे ऑनलाईन गेम दुकान, नाही, त्यामुळे स्विचवाले एकतर बाहेरच्या देशाचं अकाउंट काढतात नाहीतर इम्पोर्टवाल्या दुकानातून कार्ट्रिज घेतात, आणि तिथे दुकानदार सांगेल ती किंमत. लॅपटॉप असेल तर सरळ स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाईन दुकानातून घ्या, सेलची वाट बघा. फुकट डेमो आहे, आधी तो खेळा, त्यातलं सेव्ह, म्हणजे जिथवर खेळलात ते, पुढे पूर्ण गेममध्ये चालतं. यार्डातलं ते पहिलं कोडं डेमोत आहे, ते सोडवताना मजा नाही आली तर बाकीचा गेमही तुमच्यासाठी नाही.